स्पेसचा सीमाप्रश्न

बेळगावच्या माणसाला सीमाप्रश्न शिकवावा लागत नाही. पण तो पायथन या संगणकभाषेच्या फाईलमध्येही निघेल, असं वाटलं नव्हतं.

गावोगावच्या दूध डेअऱ्यांसाठी आम्ही चौघे मिळून एक सॉफ्टवेअर लिहितो. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घनांश) घातलं की पावती बाहेर. एक निपाणीकर, एक खानापूरच्या वैनी, एक गोकाकचे अण्णा आणि टिळकवाडीतला मी. अण्णा कन्नड, आम्ही मराठी. भांडायला मात्र सगळ्यांना दोन्ही येतं.

वैनी पीईपी 8 वाल्या. हे पायथनचं 2001 सालचं नियमपत्रक: ओळ आत सरकवायला चार स्पेस, म्हणजे चार कोऱ्या जागा, आणि ओळ 79 अक्षरांत आटपायची. अण्णांचा हात सी भाषेत बसलेला. वजनकाट्याशी बोलणारा कोड त्यांचा. त्यांना लिनक्स कर्नलचे, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याचे, नियम तोंडपाठ. तिथं टॅब, म्हणजे एका कळीत मारलेली उडी, आणि तोही आठ अक्षरांएवढा रुंद. निपाणीकर कुठलाच नियम मानत नाही. मॉनिटर भलाथोरला घेतलाय, त्यामुळे त्याची ओळ निपाणीत सुरू होते आणि संकेश्वरला संपते.

"79च का?" त्यानं एकदा विचारलं. तर आयबीएमनं 1928 साली काढलेल्या पुठ्ठ्याच्या पंचकार्डात 80 रकाने होते. पुढं संगणकाचे पडदेही तेवढेच रुंद झाले, आणि त्या हिशेबानं एकोणऐंशी. म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत कुणी पुठ्ठा कापला, म्हणून आज निपाणीच्या म्हशीच्या दुधाची रक्कम पुढच्या ओळीत. त्याला हे पटलं नाही. मलाही फारसं पटलेलं नाही, पण मी वैनींच्या बाजूचा.

एकदा त्यानं फॅटचा दर सुधारून पाठवला. तपासायला उघडतो तर अख्खी फाईल लाल-हिरवी. जुनी ओळ लाल, नवी हिरवी दिसते.

"अरे, एक ओळ बदललो म्हणालास की!"

"एकच बदललो की मर्दा! बाकीचं एडिटरनं केलंय."

त्याच्या एडिटरनं, म्हणजे कोड लिहायच्या साधनानं, सगळे टॅब काढून स्पेस घातले होते. त्या लाल-हिरव्या शिमग्यात खरा बदललेला आकडा शोधता शोधता माझं जेवण गार झालं. अण्णांनी सूड म्हणून आपल्या फाईलीत परत टॅब घातले, निम्म्याच. पायथन 3 ला टॅब आणि स्पेसची अशी खिचडी चालत नाही. तो सरळ टॅबएरर म्हणून अडून बसतो. नेमका पहाटे एका डेअरीत अडला. बाहेर किटल्यांची रांग, आत सेक्रेटरी फोनवर: "वही बरी की ओ तुमच्यापेक्षा!" यावर चौघांपैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

मग बैठक झाली. कुंदा खाऊन होईपर्यंत सगळे गोड बोलत होते. नंतर अण्णांनी हुकमाचं पान टाकलं, सी कोड बांधायच्या सूचना असलेल्या मेकफाईलला टॅबच लागतो. वैनी म्हणाल्या, मेकफाईल तुमच्याकडेच ठेवा. निपाणीकर म्हणाला, महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहेच, त्यालाच हेही जोडू. अण्णा हसून म्हणाले, "इरली बिडो," राहू दे रे. पण टॅब काही सोडला नाही.

शेवटी वैनींनी न विचारता ब्लॅक चालवलं. हे 2018 पासूनचं अवजार पायथनचा सगळा कोड आपल्या मनानं मांडतं. त्यात सेटिंगच मोजकी, त्यामुळे वाद घालायला जागा नाही. त्याची ओळ 88 अक्षरांची. 79 वाल्या वैनी हरल्या, टॅबवाले अण्णा हरले, संकेश्वरही गेलं. सगळेच हरल्यामुळे कुणी रुसलं नाही. आता कोड पाठवताना तो आपोआप मांडला जातो, आणि तपासताना मला फक्त दर बघावा लागतो. एवढं सुख मला पचायला जड गेलं.

त्रास झाला तो वैनींना. सगळ्या फाईलींवरून ब्लॅक फिरवलं त्यांनी, म्हणून कुठलीही ओळ कुणाची हे गिट ब्लेमला (कोडातल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या आज्ञेला) विचारलं की उत्तर एकच: वैनी. अण्णांच्या जुन्या चुकांसाठीही फोन खानापूरला. गिटच्या 2.23 आवृत्तीपासून असा एखादा बदल हिशेबातून वगळता येतो. त्या बदलाचा क्रमांक एका फाईलीत लिहायचा आणि ज्यानं त्यानं आपल्या मशीनवर तसं सेटिंग करायचं. वैनींनी तिघांना सांगितलं. निपाणीकर अजून "करालोय की" म्हणतोय.

नावं मात्र ब्लॅक बदलत नाही. त्यामुळे आमच्या डेटाबेसात दूध तीन ठिकाणी तीन तऱ्हांचं आहे: 'दूध', 'हालु' आणि 'मिल्क'. गावाच्या रकान्याबद्दल तर बोलूच नये. बेळगावचं बेळगावी 2014 साली अधिकृत झालं, आमच्याकडे दोन्ही नांदतात आणि मधलं 'बेलगाम'ही आहे. बेरीज बरोबर येते, म्हणून कुणी हात लावत नाही.

आणि कॉमेंट कितीही लांब असली तरी ब्लॅक ती तोडत नाही. हे निपाणीकराला गेल्या आठवड्यात कळलं. फॅटच्या दरावर त्यानं एक कॉमेंट टाकली आहे. मी उजवीकडे सरकत सरकत वाचतोय. आत्ता कुठं वाटेतलं कणगला आलंय.