शेजाऱ्याला कळता नये

माझा धंदा सांगण्याचा आणि माझी गिऱ्हाइकं न सांगणारी. मालवण-आचरा पट्ट्यात राहून मी छोट्या धंदेवाल्यांना वेबसाईट करून देतो. होमस्टे, खानावळ, काजूगर, कोकमाचं आगळ, तारकर्लीचं स्कूबा, एक गणपतीची शाळा, म्हणजे मूर्तींचा कारखानासुद्धा. ऑफिस म्हणजे घराची ओटी. पुण्यात नोकरी करत होतो तेव्हा वाटायचं, या धंद्यात अवघड काय तर कोडिंग. साफ खोटं. कोड चुकला तर निदान कुठल्या ओळीत चुकला ते लाल अक्षरात सांगतो. गिऱ्हाइकाच्या तोंडून त्याच्या धंद्याची माहिती काढणं हे खरं काम. खडपावरची कालवं तरी घाव घातला की सुटतात.

आंबेवाले काका देवगड तालुक्यातले. हापूसची बाग आणि घरातच चार खोल्यांचा होमस्टे. दिवाळीत म्हणाले, सीझनच्या आधी साईट व्हायला हवी. मी म्हटलं, मजकूर द्या, पंधरा दिवसांत करतो. मजकूर शिमग्याला आला. वहीच्या फाडलेल्या पानावर, एकच ओळ: ‘आमचे येथे अस्सल देवगड हापूस मिळेल व राहण्याची सोय होईल.’ खाली सही.

"काका, दर?"

"रेट घालू नको. शेजारी बघतलो."

मी समजावलं. तुमचं गिऱ्हाईक डोंबिवलीत आहे. रात्री साडेअकराला जेवूनखाऊन मोबाईल बघतंय. दर दिसला नाही की ते दुसऱ्याच्या साईटवर जाणार.

"तेणी फोन करूचो."

"रात्री साडेअकराला?"

"सकाळी करूचो. आंबो काय रातीत कुसता?"

तेव्हा दराच्या जागी ‘फोन करा, सांगू’ असं लिहिलं. फोन नंबर कुठला घालायचा यावर आणखी आठवडा गेला, कारण काकांचा नंबर शेजाऱ्याकडे आहे. शेवटी काकींचा घातला. काकी अनोळखी नंबर उचलत नाहीत.

मग फोटो. होमस्टेच्या साईटवर घराचा फोटो हवा, एवढं तर काकांनाही मान्य होतं. घरही देखणं: चिऱ्याचं, नळ्यांचं, पुढे शेणाने सारवलेलं खळं. मी सकाळच्या उन्हात उभा राहून झकास फोटो काढला. काकांनी तो मोबाईलवर दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "ह्या बाजूचा घर चुलत्याचा."

माजघरापासून पलीकडे चुलते. जमिनीच्या सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली सहा मुंबईला, दोन वर. वाटपाचा दावा चालू आहे, विहीर सामायिक आणि तिचाही वाद त्याच दाव्यात. चुलत्यांचा अर्धा भाग साईटवर आला तर ते नोटीस पाठवतील आणि नाही पाठवली तर काकांनी त्यांचा हक्क कबूल केला असा अर्थ निघेल, असं काकांचं कायदेशीर मत. मी फोटो कापला. घराच्या मधोमध तुळस आहे, तीही अर्धी आली. आजही त्या साईटवर सगळ्यात वर दीड खिडकी, अर्धं दार आणि अर्धी तुळस दिसते. मुंबईच्या एका डिझायनर मित्राने ते पाहून विचारलं, ही मांडणी तुला सुचली कशी रे? म्हटलं, दिवाणी न्यायालय.

लोगोबद्दल मात्र मी तक्रार करणार नाही. जगभरच्या डेव्हलपरांना गिऱ्हाईक लोगो मोठा करायला सांगतं, पण ते वाक्य जन्माला आलंय मालवणीसाठी. आमच्याकडे आकारान्त पुल्लिंगी शब्द ओकारान्त होतात: आंबो, घोडो, झगो. त्यात लोगो, फोटो, डेमो असे येऊन बसलेत की बाहेरचे वाटतच नाहीत. "लोगो मोठो कर" हे काका अशा लयीत म्हणतात की मी मुकाट्याने मोठो करतो. काकी तर "सगळे फोटे धाडलंय" म्हणतात.

ते फोटे हा वेगळाच विषय. काकींनी चौदा पाठवले, एकेक चार एमबीचा, आणि सगळे जसेच्या तसे टाक म्हणाल्या, क्वालिटी जाता नये. हिशोब केला: ५६ एमबी. आमच्याकडे पावसात टॉवर धडपणी चालत असेल तर दोन एमबीपीएस मिळतो, म्हणजे पान उघडायला पावणेचार मिनिटं, मध्ये लाईट न गेल्यास. मी चोरून प्रत्येक फोटो दीडशे केबीवर आणला. काकींना अजून कळलेलं नाही. माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी मोठ्या शहरातल्या लोकांनाही ऐकवतो, की ज्याला साईट करायची आहे त्याने ती एकदा घाटाच्या पायथ्याला, एसटीत उभं राहून, एका दांडीच्या नेटवर्कवर उघडून बघावी. सरकते फोटो, उडणारे माड, आपोआप वाजणारी गाज, सगळी हौस तिथे जिरते. पाहुण्याला पाहिजे काय? दर, नकाशा, नंबर, आणि माशाचं जेवण मिळतं की नाही. यातले दर आणि नकाशा काकांनी शेजाऱ्यापायी काढायला लावले, नंबर आहे तो काकी उचलत नाहीत. उरली बांगड्याची आमटी. ती मी ठळक अक्षरात घातली.

डोमेनची, म्हणजे साईटच्या पत्त्यातल्या नावाची, बैठक ओटीवर दोन तास चालली. मी सांगितलं, नाव आपण विकत घेत नाही, वर्षाच्या बोलीवर घेतो. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे पैसे भरता येतात, आणि मुदत संपल्यावर लक्ष नाही दिलं तर दुसरा कोणीही ते उचलू शकतो.

काका सरसावून बसले. "म्हणजे खंडान."

"हो, तसंच."

"मगे धा वर्सां खंड भरलंय तर कुळ म्हणान माझा नाव लागतला?"

मी दहा वर्षांत शेकडो लोकांना डोमेन समजावलं असेल. कूळकायदा कोणीच काढला नव्हता. पण काकांच्या वडिलांची अर्धी बाग १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कसणाऱ्यांच्या नावावर गेलेली, त्यामुळे त्यांना हा प्रश्न पडणारच. नाही लागणार, असं सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मालक कोण आहे ते विचारलं. अमेरिकेतली एक संस्था सगळा कारभार बघते, म्हटलं. "खोताक जागा सोडूची नसता," एवढंच म्हणाले आणि एका वर्षाचे पैसे दिले. माझे पैसे आंबे उतरल्यावर. (आंबे उतरले. पैशांऐवजी दोन पेट्या आल्या. त्यांचा दर विचारला तर म्हणाले, फोन कर, सांगतंय.)

मानांकनाचं चिन्ह लावायचं ठरलं तेव्हाही असंच. हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ साली मिळालं, पण त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर असे पाच जिल्हे. देवगड आणि रत्नागिरी एका कागदावर बघून काकांना अन्न गोड लागेना.

आणि ते कुलूप. क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह काढून टाकलं, कारण आता बहुतेक सगळ्याच साईटची जोडणी सुरक्षित असते. काकांनी ते उशिरा, त्यांच्या मुलाच्या लॅपटॉपवर पाहिलं. सकाळी सहाला फोन: "माझ्या साईटीचा कुलूप कोणी काढल्यान?" संशय कोणावर ते सांगायला नको.

साईट चैत्रात सुरू झाली. पंधरा दिवस शुकशुकाट. मग एका रात्री चौकशीच्या फॉर्मवर पहिला निरोप आला. मी आनंदाने सकाळीच काकांकडे गेलो आणि वाचून दाखवला. नाव नव्हतं, फक्त मजकूर: खोल्या किती आहेत, गेल्या मे महिन्यात किती पाहुणे येऊन गेले आणि त्यांना पाणी कुठल्या विहिरीचं देता?

काकांनी विडी बाजूला ठेवली. "मुंबयचो माणूस विहीर विचारता काय रे?"

मी पुन्हा वाचलं. नाही विचारत. मुंबईचा माणूस गरम पाणी आहे का विचारतो.

पलीकडच्या ओटीवर कोणीतरी खाकरलं. काकांनी आवाज खाली आणला आणि माझ्याजवळ सरकले.

"उत्तर लिही. पाणी आमच्या स्वतंत्र विहिरीचा. स्वतंत्र जाड अक्षरात."

"काका, विहीर सामायिक आहे ना?"

"तू लिही. आणि तेच्या निरोपाची प्रिंट काढून ठेव, तारीख-वेळ दिसाक होयी. बुधवारी कोर्टात घेवन जातलंय."