'ई-अँटिजेन निगेटिव्ह' म्हणजे विषाणू झोपला, असं नाही

हिपॅटायटिस बीच्या रिपोर्टमध्ये ई-अँटिजेन (विषाणूचं रक्तात सापडणारं एक प्रथिन) निगेटिव्ह आलं की विषाणू शांत झाला, असं हिपॅटायटिसवरच्या तुमच्या लेखात एका ओळीत म्हटलंय. ते वाचून राहवलं नाही. माझ्या मोठ्या भावाचा रिपोर्टही असाच होता. 'काळजी नको' म्हणून घरी पाठवलं. दोन वर्षांनी थकवा वाढला म्हणून रक्तातला विषाणूचा डीएनए तपासला, तर व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) भरमसाट आणि यकृत कडक व्हायला लागलेलं.

असं का होतं? या विषाणूचा जनुकसंच जेमतेम 3200 अक्षरांचा. त्यात 1896 व्या जागी 'जी'चा 'ए' झाला की तिथेच थांबण्याची खूण तयार होते आणि ई-अँटिजेन बनतच नाही. विषाणू मात्र वाढतच राहतो. फक्त एक अक्षर! विषाणूच्या डी जनुकप्रकारात हा बदल बराच आढळतो, ए प्रकारात क्वचित. म्हणून निगेटिव्ह रिपोर्टसोबत एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) आणि विषाणूच्या डीएनएची तपासणी वेळोवेळी व्हायलाच हवी.

लेखातल्या हिपॅटायटिस ईच्या प्रसाराचंही तसंच, एका ओळीत भागत नाही. हा विषाणूच वेगळा, वरच्या ई-अँटिजेनशी त्याचा संबंध नाही. त्याचे प्रकार 1 आणि 2 माणसांतच राहतात, दूषित पाण्यातून साथी आणतात; 3 आणि 4 डुकरांकडून, कच्च्या राहिलेल्या मांसातूनही येतात. नाव एकच, पण बचावाचे मार्ग वेगळे. गर्भवतींच्या जिवावर बेततो तो मुख्यतः प्रकार 1, हे लेखात यायलाच हवं होतं.

लेखकांना कळकळीची विनंती, ती एक ओळ तेवढी दुरुस्त करा. निगेटिव्ह वाचून निर्धास्त होणारे खूप जण आहेत.