स्कोटसने ‘विशेष’ चोरला म्हणे!

‘मध्ययुगीन युरोपात सगळे जडद्रव्यामुळेच व्यक्ती वेगळ्या ठरतात असं मानायचे. मग मठ्ठ डन्स स्कोटसने आपल्या वैशेषिकांचा विशेष उचलला.’ हा मजकूर कुठून कुठून फिरत भाचीच्या एम.ए.च्या टिपणांत जाऊन बसलाय, म्हणून लिहावं लागतंय. प्रश्न असा: एकाच जातीच्या दोन वस्तू, समजा दोन दगड, एकमेकांहून वेगळ्या कशामुळे? डन्स स्कोटस हा मध्ययुगीन युरोपातला तत्त्वज्ञ; वैशेषिक हे प्राचीन भारतीय दर्शन, आणि ‘विशेष’ हे त्यांच्या मते वेगळेपण देणारं तत्त्व.

‘सगळे’ हे साफ खोटं. सहाव्या शतकात बोएथियसने आगंतुक (वस्तूच्या स्वभावात नसलेल्या) गुणांकडे, निदान जागेकडे, बोट दाखवलं होतं. जडद्रव्याचं उत्तर थॉमस अक्वायनसचं, आणि तेही ठरावीक लांबी-रुंदी-उंचीत बांधलेल्या जडद्रव्याचं. ऑकमने तर प्रश्नच उलटा केला: प्रत्येक वस्तू मुळातच एकेकटी असते, कारण शोधायचं तर सामान्याचं, म्हणजे अनेक वस्तूंत समान असतं त्याचं, शोधा.

आता चोरी. स्कोटसच्या ‘ऑर्डिनाशिओ’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागातलं तिसरं प्रकरण उघडा. हा दगड ‘हाच’ कशामुळे, यावर तो तिथे एकामागून एक सहा प्रश्न घेतो. परिमाणामुळे? परिमाण हा दगडाचा गुण. तो टेकायला आधी हा दगड हवा. जडद्रव्यामुळे? मग या दगडातलं जडद्रव्य तरी ‘हेच’ का, हा प्रश्न उरतोच. अभाव आणि अस्तित्व ही उत्तरंही तो खोडतो, आणि मगच दगडातच असलेल्या एका भावरूप ‘हेपणा’वर येतो. उसन्या उत्तरासाठी इतका खटाटोप कोण करतं?

शिवाय दोन्ही कल्पना जुळतही नाहीत. वैशेषिकांचा विशेष फक्त नित्य द्रव्यांत असतो: परमाणू, आकाश, काल, दिशा, आत्मा, मन. घटाला विशेष नाही; दोन घट वेगळे ठरतात ते अवयवांवरून. स्कोटसला मात्र हेपण साध्या दगडातही लागतं. विशेष हा वेगळा पदार्थ (वैशेषिकांच्या भाषेत अस्तित्वाचा एक स्वतंत्र प्रकार), तो द्रव्यात समवाय नावाच्या संबंधाने राहतो. हेपण दगडाच्या स्वभावापासून देवालाही सुटं काढता येत नाही.

एक साम्य आहे, ते नाकारत नाही. विशेष स्वतःच स्वतःला वेगळं करतो, त्याला आणखी विशेष लागत नाही. हेपणंही मुळातच परस्परांहून भिन्न. अनवस्था, म्हणजे कारणाला पुन्हा कारण अशी न संपणारी साखळी, टाळायची तर कुठेतरी थांबावं लागतं, आणि दोघेही तिथेच थांबले. पण एकाच अडचणीतून दोघांना सारखी वाट सापडली, याला चोरी म्हणत नाहीत.

राहिला ‘मठ्ठ’. इंग्रजीत मठ्ठासाठी असलेला ‘डन्स’ शब्द त्याच्याच नावावरून आला, हे खरं. पण स्कोटस वारला १३०८ मध्ये, आणि त्याच्या अनुयायांची ही टवाळी सोळाव्या शतकातल्या विरोधकांनी केली.