आंघोळ झाली का?

इंडोनेशिया म्हटलं की डोळ्यांपुढे नारळ, वाळू आणि घाम येतो. बॅग भरताना आईने त्यात स्वेटर कोंबला तेव्हा अख्खं घर हसलं होतं. आता तो स्वेटर अंगावरून उतरत नाही. म्हणजे उतरवावा लागतो, दिवसातून दोनदा, आणि तेच तर दुखणं आहे.

मध्य जावातलं दिएंगचं पठार विषुववृत्तापासून जेमतेम सात अंश दक्षिणेला आहे, पण दोन हजार मीटर उंचीवर. बटाट्याच्या बियाण्याच्या कामासाठी मी इथल्या एका लहानशा गावात राहतो. जुलै-ऑगस्टात पहाटे पारा कधीकधी शून्याखाली जातो आणि बटाट्याच्या पाल्यावर दंव गोठतं. ऊन वर आलं की पाला काळा पडतो आणि शेतकरी डोक्याला हात लावून बांधावर बसतो. त्याच बांधावर शहरातून आलेली पोरं त्या दंवासोबत सेल्फी काढत असतात.

बाकी माझी काही तक्रार नाही. भात तिन्ही त्रिकाळ आहे, टेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या आहेत, बटाटा तर डोंगराच्या पार शेंडीपर्यंत लावलेला आहे. रस्त्याकडेला रचलेल्या कोंबडीखताच्या पोत्यांच्या वासाचीही सवय होते. सवय होत नाही ती फक्त आंघोळीची.

जावातला माणूस दिवसातून दोनदा आंघोळ करतो. सकाळची जरा पुढेमागे झाली तर चालतं. संध्याकाळची मात्र साऱ्या गावाची बाब आहे. पाच वाजले की पोरं न्हाऊन, तोंडाला पांढरीफटक पावडर फासून गल्लीत उतरतात. ती पावडर म्हणजे पावती. त्यानंतर ज्याचे केस कोरडे, त्याला प्रत्येक दारातून एकच प्रश्न येतो, "मास, आंघोळ झाली?" मास म्हणजे दादा. टपरीवाली विचारते, मशिदीकडे निघालेले आजोबा विचारतात, मोटारसायकलवरचा अनोळखी माणूससुद्धा गाडी हळू करून विचारतो. उत्तराची कोणाला फारशी पडलेली नसते, हे मला कळतं. पण लहानपणापासून हा प्रश्न मला फक्त आईने आणि फक्त दरडावून विचारलेला आहे. त्यामुळे मी लगेच खाली बघतो.

बरं, पाचच का? दुपारी दोननंतर धुकं उतरतं आणि पाचपर्यंत हाडांत शिरतं. सकाळी दहाला, कोवळ्या उन्हात उरकली तर ती सकाळच्या खात्यात जमा होते. अंधार पडल्यावर आंघोळ केली तर संधिवात धरतो, याबद्दल गावात दुमत नाही. म्हणजे दिवसातला सगळ्यात वाईट अर्धा तास निवडून तो आंघोळीला दिलेला आहे.

न्हाणीघरात सिमेंटचा हौद आहे. डोंगरातल्या झऱ्यापासून शेतांवरून काळी नळी ओढत आणलेली आहे, तिचं पाणी रात्रंदिवस हौदात पडत असतं. हौदाच्या काठावर दांडीवालं प्लास्टिकचं हिरवं डबडं. गोरे पाहुणे म्हणे थेट हौदात उतरून बसतात आणि सगळ्या घराचं पाणी बाद करतात. आपल्याला ते शिकवावं लागत नाही. आपला प्रश्न पहिल्या डबड्याचा. ते मी पायावर ओततो. दुसरं गुडघ्यावर. तिसरं उगाच भिंतीवर. मग डोळे मिटून, "हर हर गंगे" असं ओरडून खांद्यावर. या आरोळीने पाणी गरम होत नाही, पण किंकाळी तरी अध्यात्मात मोडते. भिंतीपलीकडे शेजारची पोरं या क्षणाची वाट बघत उभी असतात. एका सुरात "हर हर गांगे" येतं आणि खिदळत सगळी पळतात.

स्थानिक लोकांपुढे कुरकुरायचीही सोय नाही. घरातली आजी, म्हणजे म्बाह, पहाटे साडेचारच्या अजानीला उठून त्याच पाण्याने वजू करते. कोपरापर्यंत हात, तोंड, घोट्यापर्यंत पाय, आणि हे दिवसातून पाच वेळा. तिच्यासमोर "पाणी फार गार आहे हो" म्हणणं म्हणजे वारकऱ्याला पाय दुखतात सांगण्यासारखं.

सगळ्यात जिव्हारी लागतं ते वेगळंच. गावाजवळ सिकिदांग नावाचं ज्वालामुखीचं विवर आहे. तिथे राखाडी चिखल चोवीस तास रटारटा उकळतो, पर्यटकांना त्या वाफाळत्या पाण्यात अंडी उकडून देतात. जमिनीतली वाफ चंदेरी पाइपांमधून बटाट्याच्या शेतांवरून नेली आहे, तिच्यावर 60 मेगावॅटचं वीजकेंद्र चालतं. अंड्यांची सोय आहे, विजेची आहे. मी मात्र त्याच डोंगराच्या कुशीत काकडत उभा आहे.

चुलीवर पाणी तापवून मागता येतं का? येतं की. पण गरम पाणी या घरात तीन जणांना मिळतं: तान्ह्या बाळाला, बाळंतिणीला आणि आजाऱ्याला. यातलं मी कोण, ते ठरवून मागायचं. शिवाय या उंचीवर पाणी 93 अंशांनाच उकळतं, म्हणजे इथलं उकळतं पाणीही सात अंश कमीच पडतं.

तेव्हा मी डोकं चालवलं. न्हाणीत जायचं, कडी लावायची, दहा-बारा डबडी दणादण फरशीवर ओतायची, "हर हर गंगे" ओरडायचं, केस ओले करायचे आणि तोंडाला पावडर लावून बाहेर यायचं. पहिल्या दिवशी गल्लीने शाबासकी दिली. म्बाह मात्र चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "मास, अंगावर पडलेल्या पाण्याचा आवाज असा नसतो."

पुढे दोन दिवसांत मला शिंका सुरू झाल्या. घरभर एकच निदान झालं: अंगात वारं शिरलंय. त्यावर इलाज एकच. चुलीशेजारी पालथं झोपायचं, म्बाहने पाठीला बाम चोळायचा आणि जुन्या नाण्याच्या कडेने मानेपासून कमरेपर्यंत तिरप्या रेघा खरवडायच्या, लाल होईपर्यंत. दिएंगमध्ये पाहुणेरावळे बैठकीत नाही, चुलीभोवतीच बसतात, त्यामुळे प्रेक्षकही हजर होते. रेघ जितकी गडद, तितकं वारं जास्त, असा हिशोब. माझी पाठ बघून "अरे बापरे"च्या चालीवर सगळ्यांनी माना हलवल्या.

घरमालकांनी, म्हणजे पाकांनी, तेवढ्यात विषय काढला. पठारावर आठव्या शतकाच्या आसपासची दगडी देवळं आहेत. लोकांनी त्यांना पुढे कधीतरी अर्जुन, भीम, घटोत्कच अशी नावं दिली. पांडव इथे घरचेच. पाकांचं म्हणणं, द्रौपदीला नवरा एकच, युधिष्ठिर. इथल्या छायाबाहुल्यांच्या खेळात तसंच आहे. मी पालथ्या अवस्थेत "पाच! पाच!" असं सांगत होतो. म्हणजे अजून पाच रेघा, असं म्बाहला वाटलं.

आता उरला एकच मार्ग. शेजारच्या सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात जटा आहेत. दिएंगमध्ये अशी मुलं असतात. त्यांच्या जटा कोणी परस्पर कापत नाही. मूल स्वतः तयार झालं की मोठा विधी होतो, 2010 पासून तर त्याचा उत्सवही भरतो. कापण्याआधी मूल जे मागेल ते द्यावंच लागतं, नाहीतर जटा पुन्हा येतात. कोणी सायकल मागतं, कोणी बकरी. भिंतीआडून "हर हर गांगे" करणाऱ्या टोळीची म्होरकी हीच.

मी तिला चॉकलेट दिलं, शेजारी बसवलं आणि गीझर म्हणजे काय ते नीट समजावलं. पांढरी पेटी, बटण दाबलं की गरम पाणी, साऱ्या गल्लीला उपयोग. ती चॉकलेट संपेपर्यंत मन लावून ऐकत होती. मग बोटं चाटत म्हणाली, "नको. गरम पाणी आलं की मलाही रोज आंघोळ करायला लावतील."

"मग या तोंडावरच्या पावडरीचं काय?" मी विचारलं.

"तुम्ही लावता तशीच," ती म्हणाली, आणि बदकं मागणार असल्याचं सांगून निघून गेली.