"होळीआधी जंगल जाळा" म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

गडचिरोलीच्या मामांनी काल रात्री एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "खरं आहे का रे हे? ग्रामसभेत विषय निघालाय." हाच मेसेज मला आधी तीन ग्रुपवर आला होता, मी सोडून दिला होता. पण मामा गावच्या वनव्यवस्थापन समितीत आहेत. आता गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं असं. उन्हाळे कडक झालेत, पाऊस लहरी झालाय, यात सागच तग धरेल. म्हणून इतर झाडं काढून निव्वळ साग ठेवा. होळीआधी पाला जाळा, म्हणजे बी रुजतं, राखेचं खत होतं, मोठा वणवा लागत नाही. आणि विरळणी, म्हणजे दाटीतली काही झाडं-फुटवे काढणं, हा लाकूड पळवायचा बहाणा, ती होऊ देऊ नका.

आधी आगीचं बोलतो, कारण नुकसान तिथेच होणार आहे. सागाच्या बियांना उष्णता मानवते, हे खरं. कवच टणक असतं, रोपवाटिकेतही बी भिजवून-वाळवून मगच पेरतात. वनखातंही जाळरेषेवरचा पाला जाळतं, तेही खरं. पण जाळरेषा म्हणजे वणवा अडवायला ठेवलेला ठरावीक रुंदीचा पट्टा, माणसं उभी करून जाळलेला. अख्खं जंगल पेटवणं नव्हे! राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही.

जळलेल्या रानात जूनच्या पहिल्या पावसात जाऊन बघा. सागाच्या रुंद पानावर पाणी साठतं आणि टपोऱ्या थेंबांनी खाली पडतं. खाली पाला नाही, गवत नाही. थेंब उघड्या मातीवर आपटतो, बुंध्यावर चिखलाचे शिंतोडे उडतात आणि राख पहिल्याच लोंढ्यात नाल्यात जाते. कसलं खत? ऐन, बीजा, चारोळी अशा इतर झाडांची बोटभर रोपं दरवर्षी जळत राहिली तर झाड कधी होणार? साग मुळापासून पुन्हा फुटतो, म्हणून जळक्या रानात तोच उरतो. मेसेजवाल्याला हीच त्याची ताकद वाटते.

पाचगावचं उदाहरण मामांना मुद्दाम सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या गावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल गावाने मिळून सांभाळायचा आणि वापरायचा कायदेशीर हक्क, मिळाला. तेंदूपत्त्याचा पैसा हातात येतो, पण त्यासाठी झुडपं छाटतात, आग लावतात, म्हणून ग्रामसभेने तेंदू तोडणीच बंद केली आणि बांबूवर भर दिला. पैसा सोडून आग थांबवणारं गाव शेजारच्या जिल्ह्यात असताना आपण फुकट आग लावायची?

आता निव्वळ सागाचं. पश्चिम घाटातली नैसर्गिक जंगलं आणि साग-निलगिरीच्या लागवडी यांची तुलना करणारा संशोधक आनंद ओसुरी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. पावसाळ्यात लागवडी कार्बन शोषण्यात सदाहरित जंगलाच्या थोड्या पुढेही असतात. कोरड्या महिन्यांत मात्र मागे पडतात आणि दुष्काळी वर्षात नैसर्गिक जंगलापेक्षा जास्त ढासळतात. म्हणजे ज्या दिवसांसाठी मेसेज साग सुचवतो, त्याच दिवसांत एकट्या सागाची लागवड कमी पडते. कीड वेगळीच. पावसाळा सरता सरता अळी सागाच्या पानांची चाळण करते, नुसत्या शिरा उरतात. शेजारच्या धावड्याच्या झाडाला ती शिवत नाही. सगळा सागच असेल तर तिला एका झाडावरून दुसऱ्यावर जायला मोकळं रान.

विरळणीच्या नावाखाली चोरी होते, हे नाकारत नाही. त्यावर इलाज म्हणजे ग्रामसभेसमोर खुणा करून, मोजून तोडणं. एका खोडाला चार-पाच फुटवे असतील तर एक-दोन ठेवून बाकी काढायलाच हवेत, नाहीतर एकाच मुळाच्या पाण्यावर सगळे भांडतात आणि एकही जोमाने वाढत नाही.

मामांना म्हटलं, मोहाखालचा पाला पेटवू नका, झाडून बाजूला करा, जमलं तर फुलं झेलायला जाळी बांधा. फुलं वेचताना लावलेली आग किती वेळा पुढे गेली, हे त्यांनाच जास्त माहीत. ते म्हणाले, "शुक्रवारी सभा आहे, हे लिहूनच पाठव." म्हणून लिहिलं.