चिठ्ठीवर शिक्का नाही

आमच्या बोळात पाणी पाच दिवसांनी येतं, आणि येतं तेही पहाटे तीनला. गेल्या शुक्रवारी आई घागर घेऊन खाली उतरली आणि कुत्र्यानं तिची पोटरीच धरली. कुत्र्यावर राग नाही माझा. निदान पाण्याचा दिवस बघून तरी चावलं! शेजारच्या काकू तिखट-हळद घेऊन धावल्या, "दाबून भर, विष उतरतं." त्यांना बाजूला करून मी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं पाय धुतला.

उजाडल्यावर रिक्षा केली. रिक्षावाला म्हणतो, "कुत्रं चावलंय का मावशीला? मग मेडिकलवरनंच घेऊ की गाडी, परत हेलपाटा कशाला?" मी चिडलो त्याच्यावर. म्हटलं, सरकारी दवाखान्यात फुकट असते रेबीजची लस, तू चल गप. अर्ध्या तासानं त्याच्याच रिक्षातून मेडिकल शोधत फिरत होतो.

दवाखान्याच्या खिडकीवर उत्तर ठरलेलं. "लस संपलीय. इंडेंट गेलंय." इंडेंट म्हणजे मागणीपत्र. कुठं गेलंय, कधी गेलंय, ते विचारायचं नाही. सिस्टरनं एका केसपेपरच्या पाठीचा तुकडा फाडला, त्यावर लशीचं नाव लिहिलं, खाली "बाहेरून आणा". ना सही, ना शिक्का, ना तारीख. म्हणजे उद्या कुणी विचारलंच, तर लस होतीच, आम्हीच हौसेनं विकत आणली!

कुपी 380 रुपयांची. तळाशी पांढऱ्या भुकटीचा एवढासा गोळा, सोबत पाण्याची कुपी, आणि सगळं बर्फासकट पातळ प्लास्टिकच्या पिशवीत. बाहेर 43 अंश. बर्फ वितळून माझ्या पँटवर ठिबकतोय आणि ही लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी असं खोक्यावर छापलंय. स्नायूत टोचायची तर एकूण पाच: पहिली लगेच, तो दिवस शून्य धरायचा, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या. आई विड्या वळते. पाच कुप्या म्हणजे किती हजार विड्या, हे तिनं तिथंच बाकावर बसून बोटांवर मोजलं आणि मला म्हणाली, "तीन घेतल्या तर नाही का चालणार?"

इथं डोकं फिरलं माझं. कारण हीच लस कातडीत टोचली तर एका वेळी एका माणसाला 0.2 मिली पुरते. एक मिलीच्या कुपीत चार-पाच जणांचं भागतं. 2006 पासून आपल्याकडं या पद्धतीला मान्यता आहे, ती नेमकी सरकारी दवाखान्यांचा खर्च वाचावा म्हणूनच. एवढी स्वस्तात पडणारी गोष्टसुद्धा तुम्हाला कपाटात ठेवता येत नाही? पोरांच्या बीसीजी-पोलिओच्या लसी केंद्र घेऊन पाठवतं, त्या बहुतेक वेळा असतात. कुत्र्याची लस राज्यानं, जिल्ह्यानं खरेदी करायची. म्हणजे टेंडर, मग बिल थकणार, मग पुरवठादार तोंड फिरवणार. चावलेला माणूस या साखळीत कुठंच नाही.

जखमेत सोडायचं सिरम मात्र दवाखान्यात मिळालं, नशीब. ते घोड्याच्या रक्तातून करतात. आणि घोड्यांवरून तर मला अख्खा इतिहास आठवला, सांगतोच आता.

1896 ला मुंबईत प्लेग आला. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या चिमुकल्या जागेत लस केली आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली. 1899 पासून परळला, जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, लशीचं काम. म्हणजे लस बनवणं या राज्याला सव्वाशे वर्षं येतंय! पुढं पुण्याच्या पूनावालांच्या स्टडफार्मवरचे निवृत्त घोडे सिरमसाठी परळच्या याच हाफकिन संस्थेत जायचे. त्यांनी विचार केला, घोडे आपले, मग सिरम आपणच का करू नये? 1966 ला सिरम इन्स्टिट्यूट ही कंपनी काढली. आज डोसांच्या मोजणीनं जगात सगळ्यात जास्त लसी तिथं बनतात, आमच्यापासून हायवेनं अडीचशे किलोमीटरवर. धंदेवाल्यानं धंदा केला, त्याला मी का शिव्या देऊ?

शिव्या परळच्या मालकाला. म्हणजे सरकारला. पूनावालांनी कारखाना वाढवला, सरकारनं काय वाढवलं? 2017 मध्ये हाफकिनच्या महामंडळाला राज्यभरच्या औषधखरेदीची टेंडरं काढायला बसवलं. लस बनवणाऱ्याच्या हातात स्टॅम्पपॅड! तिथं घोळ झाला तेव्हा 2023 मध्ये खरेदीसाठी नवं प्राधिकरण काढलं. दिल्लीवाले तरी कुठं शहाणे? 2008 मध्ये कसौली, कुन्नूर आणि गिंडी या तिन्ही सरकारी लस कारखान्यांचे परवाने एका फटक्यात निलंबित केले. कारण काय, तर उत्पादनाचे दर्जानियम पाळले नाहीत. अरे, कारखाना तुमचा, नियम तुमचे, दुरुस्तीचे पैसे द्यायचे तुम्हीच. छत गळतं म्हणून घरच विकायचं? दोन वर्षांनी निलंबन उठवलं, तोवर बाजार दुसऱ्यांचा झाला होता.

आणि मग 2021. पूनावालांचीच कोविशील्ड केंद्राला 150, राज्याला 400, खासगी दवाखान्याला 600. एकाच डोसला तीन भाव! बाजार समितीत कांद्याचा असा भाव लावून बघा, अडत्याला पळता भुई थोडी होईल. ओरड झाल्यावर राज्यांसाठी शंभर कमी केले, ते पण उपकार केल्यासारखे. तेव्हाच कोव्हॅक्सिन हाफकिनमध्ये होणार म्हणून पेपरात केवढे मथळे. वर्षाला 22.8 कोटी डोस! आमच्या घरात सगळ्यांचे दोन-दोन डोस झाले, त्यातला एकही परळचा नव्हता.

तिसऱ्या दिवशीही खिडकीवर तेच. "इंडेंट गेलंय." मी म्हटलं, निदान या चिठ्ठीवर शिक्का तरी मारा. सिस्टर आईकडं बघत हळूच म्हणाली, "दादा, शिक्का मारला तर माझीच चौकशी लागेल." तिच्यावर तरी काय ओरडणार.

उद्या सातवा दिवस. मेडिकलवाल्याला एक कुपी बाजूला ठेवायला सांगितलीय. "ठेवतो की," म्हणाला, "पण दहाच्या आत या, काल दवाखान्यातनं चौघं चिठ्ठ्या घेऊन आले होते."