मृत्युपत्राने भागतं म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

‘विवेकी वाचक’ यांस,

समलिंगी जोडप्यांच्या विवाहहक्कावर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची लांबलचक प्रतिक्रिया नीट वाचली. बाकीच्या वाचकांसाठी तिचा सारांश देते. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने नकार दिला, विषय संपला. २०१८ साली गुन्हेगारीचा शिक्का पुसला गेला, आता आणखी काय हवं? हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे, समाज अजून तयार नाही. आणि मग तुमच्याच शब्दांत: “वकिलाकडे जाऊन मृत्युपत्र करा, नॉमिनी लावा, जॉइंट खातं काढा, सगळं होतं. लग्नाच्या एका कागदासाठी एवढा आक्रोश कशाला?” शेवटी दोन ओळी खास माझ्यासाठी: “ताई, तुम्ही स्वतः नवरा-मुलांच्या संसारात सुखी आहात. भावनेच्या भरात दुसऱ्यांची ओझी वाहू नका.”

आधी या शेवटच्या दोन ओळी. माझा संसार, माझं सुख आणि मी कोणाचं ओझं वाहते आहे, यातलं तुम्हाला काहीही माहीत नाही. आपली ओळख नाही. तरीही माझ्या घरात डोकावून मला समजूत घालण्याचा अधिकार तुम्ही परस्पर घेतलात. त्याच लेखाखाली एका पुरुष वाचकाने माझाच मुद्दा जवळजवळ माझ्याच शब्दांत मांडला होता. त्यांना तुम्ही लिहिलंत, “आपला अभ्यास दांडगा आहे, फक्त मतभेद आहेत.” त्यांचा अभ्यास आणि माझी भावना? लेखात मी कायद्यांची नावं दिली होती, निकालाची तारीख दिली होती. त्यातल्या एकाही गोष्टीला तुम्ही हात लावला नाहीत. मतभेदाचं मला वावडं नाही. या लेखनावर आजवर कितीतरी जणांनी माझ्याशी कडाडून वाद घातला आहे आणि त्यातल्या काहींशी आता चांगला स्नेह आहे. पण वडीलकीच्या सुरात डोक्यावर हात ठेवून गप्प करण्याला मी वाद म्हणत नाही.

एक गोष्ट तुमची बरोबर आहे आणि ती मी मोकळेपणाने मान्य करते. १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात पाचही न्यायमूर्तींचं या बाबतीत एकमत होतं की विवाह हा आपल्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. ९ जानेवारी २०२५ रोजी फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. पण एकमत तेवढ्यापुरतंच. जोडप्यांच्या सहजीवनाला कायद्याने काही मान्यता मिळावी का, अविवाहित जोडप्यांना एकत्र मूल दत्तक घेता यावं का, या प्रश्नांवर निकाल तीन विरुद्ध दोन असा लागला आणि तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड अल्पमतात होते. या जोडप्यांना अडचणी आहेत हे तर कोणीच नाकारलं नाही. म्हणून तर कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायचं ठरलं. विषय संपला असता तर समिती कशासाठी?

आता तुमचं मुख्य वाक्य. “मृत्युपत्र करा, नॉमिनी लावा, सगळं होतं.”

माझा दादा एका पुरुषाबरोबर राहत होता. शेजारी त्यांना रूममेट समजत. आई आधी ‘दादाचा मित्र’ म्हणायची, नंतर नावाने हाक मारायला लागली, आणि पुढे पुढे तर दादाची तक्रार त्याच्याकडेच करायची. घराचा हप्ता दोघं मिळून भरत, पण फ्लॅट आणि कर्ज एकट्या दादाच्या नावावर होतं, कारण बँकेने सहकर्जदार नात्यातलाच मागितला होता. दादा कागदपत्रांच्या बाबतीत अतिशय काटेकोर. तुम्ही सुचवता ते एकूण एक त्याने केलेलं होतं. दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी मृत्युपत्र, विम्याला नॉमिनी, सोसायटीत नॉमिनी, ऑफिसात ग्रॅच्युइटीला नॉमिनी. सगळीकडे जोडीदाराचं नाव.

दादाला दवाखान्यात दाखल केलं ती रात्र मला फोनवरून कळत होती. संमतीच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना होता. त्याच्या जोडीदाराने तिथे ‘मित्र’ लिहिलं, आणि काउंटरवरच्या माणसाने फॉर्म परत सरकवला, रक्ताच्या नात्यातलं कोणीतरी येऊ दे. ऑपरेशन सकाळवर गेलं. मी रात्रभर प्रवास करून पोचले तेव्हा तो व्हरांड्यात मांडीवर फाइल घेऊन बसला होता. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले. कव्हरवर लाल शाईने, दादाला कोणतं औषध चालत नाही ते लिहिलेलं. रक्त पातळ करणारी गोळी किती मिलिग्रॅमची आणि शेवटची कधी घेतली, हे डॉक्टरांनी मला विचारलं. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने सांगितलं, आणि सही मी केली. वर्षभरात दादाला मी जेमतेम भेटले होते. पण माझं आडनाव चाललं.

दादा गेला. ही करोनाच्या आधीची गोष्ट. आता तुमच्या नॉमिनीकडे येऊ.

ग्रॅच्युइटीचा तेव्हाचा कायदा १९७२चा. कर्मचाऱ्याला ‘कुटुंब’ असेल तर नामनिर्देशन कुटुंबातल्याच माणसाचं करावं लागतं, बाहेरच्याचं केलं तर ते रद्दबातल. अवलंबून असलेली आई म्हणजे कुटुंब. ज्याच्याबरोबर घर केलं तो माणूस म्हणजे बाहेरचा. त्यामुळे दादाने स्वतःच्या हाताने भरलेला फॉर्म ऑफिसने बाजूला ठेवला आणि रक्कम आईच्या नावाने आली. प्रॉव्हिडंट फंडालाही नियम याच धर्तीचा आहे. आईने तेव्हाच सांगितलं की हे पैसे दादाच्या जोडीदाराचे आहेत, त्याला द्या. सीएकडे गेलो तर कळलं की आई कायद्याने त्याची नातेवाईक नाही. नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात ५० हजार रुपयांच्या वर आलेली भेट त्याचं उत्पन्न धरली जाते आणि त्यावर कर लागतो. तो दादाचा नवरा म्हणून कायद्याला ठाऊक असता, तर हा सगळा वळसाच पडला नसता.

विम्याचंही तसंच. २०१५ साली विमा कायद्यात सुधारणा झाली. आईवडील, नवरा-बायको, मुलं यांच्यापैकी कोणाला नॉमिनी केलं असेल तर पैसा त्याच्या मालकीचा होतो. दुसऱ्या कोणाला केलं असेल तर तो फक्त पैसे स्वीकारणारा, वारस नंतर त्यावर हक्क सांगू शकतात. सोसायटीतला नॉमिनी म्हणजे वारस ठरेपर्यंतची तात्पुरती सोय. हे कितीतरी जाणत्या माणसांना माहीत नसतं आणि तुम्हालाही माहीत नव्हतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माहीत नसताना “सगळं होतं” असं ठणकावून सांगितलंत, याबद्दल आहे.

राहिलं मृत्युपत्र. ते आमच्याकडे टिकलं. का टिकलं ते ऐका. हिंदू वारसा कायद्यानुसार दादाची पहिल्या वर्गातली वारस एकटी आई होती. आमचे एक काका दर रविवारी येऊन तिला सांगत, की हा परका माणूस तुझ्या मुलाचं घर गिळायला बसलाय, मृत्युपत्र दबावाखाली केलंय म्हणून दावा लाव. वकीलसुद्धा त्यांनीच बघून ठेवला होता. आईने दावा लावला नाही. शेवटी काकांना तिने घरी येऊ नका म्हणून सांगितलं. आईच्या जागी दुसरी कोणी असती, थोडी घाबरट, किंवा मुलाच्या त्या आयुष्याचा राग मनात धरून बसलेली, तर तो माणूस आज कोर्टाच्या तारखा मोजत असता, तेही ज्याचा निम्मा हप्ता त्याने भरला त्या घरासाठी.

माझं बघा. नवऱ्याचं आणि माझं लग्न झालं, नोंदणी झाली. मृत्युपत्र आम्ही आजवर केलेलं नाही. तरी उद्या त्याला दवाखान्यात न्यावं लागलं तर मला कोणी ‘तुम्ही कोण’ विचारणार नाही. ग्रॅच्युइटी, विमा, पेन्शन, घर, सगळीकडे माझी जागा आधीच ठरलेली आहे. ती मिळवायला मी काहीही केलं नाही, सासूबाईंच्या चांगुलपणावरही ती अवलंबून नाही. दादाने आयुष्यभर कागद गोळा केले आणि तरी त्याच्या जोडीदाराला माझ्या आईच्या मनावर विसंबून राहावं लागलं. एवढा फरक तुम्ही ज्याला ‘एक कागद’ म्हणता त्याच्यामुळे पडतो. सुखी संसाराची आठवण मला करून दिलीत ना? तो संसार कशावर उभा आहे हे मला दादाच्या फाइलीतून कळलं.

मृत्युपत्राच्या आवाक्यात जे येतच नाही ते तर वेगळंच. दत्तकविधानाच्या नियमांत जोडप्याला किमान दोन वर्षं स्थिर वैवाहिक जीवन असावं लागतं. दोन बायका एकत्र राहतात, त्यातल्या एकीने एकटीने मूल दत्तक घेतलं, तर दुसरी त्या मुलाची कायद्याने कोणीही नाही. दोघी रात्री जागणार, दोघी शाळेत सोडायला जाणार, पण पालक एकच. ती पालक उद्या गेली तर? कोणत्या वकिलाकडचं कोणतं मृत्युपत्र दुसरीला त्या मुलाची आई करतं, ते मला सांगा.

जॉइंट खात्याचा उल्लेख तुम्ही केलात. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं, की समलिंगी जोडप्यांना जॉइंट खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. चांगलं झालं, वाचकांनी त्याचा उपयोग करावा. पण असं खातं दोन मैत्रिणींना किंवा धंद्यातल्या दोन भागीदारांनाही काढता येतच होतं. त्याच महिन्यात आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवलं, त्यात जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता येईल असं म्हटलं आहे, पण जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा. हे वाक्य मी वाचलं तेव्हा दादाच्या जोडीदाराला पाठवलं नाही. पाठवायचं धैर्य झालं नाही.

तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. पाश्चात्त्य खूळ म्हणाल, तर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ इंग्रजांनी १८६०च्या दंडसंहितेत घातलं. आयात झाली ती शिक्षेची. तैवानने २०१९ साली या विवाहांना मान्यता दिली, नेपाळमध्ये २०२३च्या नोव्हेंबरात पहिली नोंद झाली, थायलंडमध्ये २०२५च्या जानेवारीत कायदा लागू झाला. यातलं पाश्चात्त्य काय? समाज तयार नाही म्हणाल, तर जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने भटजीला न बोलावता लग्नं लावली तेव्हा समाज तयार होता का? १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी होता? तयारीची वाट बघायला सांगणारा माणूस, नीट पाहिलं तर, नेहमी तोच असतो ज्याचं वाट पाहण्यात काही बुडत नाही. “उद्या कोणी कशाशीही लग्न करायला मागेल” या तुमच्या ओळीला मी उत्तर देणार नाही. ती दादाबद्दल लिहिलेली आहे आणि त्याला उत्तर देण्याइतकी सभ्यता माझ्याकडे आज शिल्लक नाही.

तुमची मूळ प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. लोकांनी ती वाचावी आणि हे उत्तरही वाचावं. पण तिच्या खाली एक तरुण मुलगा “मी घरी अजून सांगितलेलं नाही” एवढंच लिहून गेला होता, आणि त्याला तुम्ही डॉक्टरकडे जायचा सल्ला दिलात. तो सल्ला मी काढून टाकला आहे. माझ्याशी हवं तितकं भांडा. त्या मुलाला पुन्हा काही लिहिलंत तर तेही काढेन आणि तुम्हाला इथे लिहिण्याची सोय राहणार नाही.